प्रति: लेसची पट्टी सुटी विणतात का?

लेसची प्रत्येक पट्टी मशीनवर सुटी विणली जाते, असं वर एका प्रतिसादात म्हटलंय. अरुंद क्रोशे मशीनवरच्या लेसपुरतं ते बरोबर. पण फ्रॉक-परकराला लावायची नायलॉनची लेस बहुतेक राशेल मशीनवर (उभ्या धाग्यांचे फास घालून विणणारं मशीन) पूर्ण पन्ह्यात निघते, शेजारशेजारच्या पट्ट्या एका धाग्याने जोडलेल्या. धुणं, रंगवणं, स्टेंटर नावाच्या मशीनवर ताणून गरम हवेत माप पक्कं करणं, सगळं त्या अखंड कापडावरच होतं. मग जोडधागा ओढला की पट्ट्या सुटतात. आपल्या सोलापुरी चादरीच्या जेकार्डमध्ये, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागात, ताण्याचे उभे धागे उचलून मधून बाणा जातो. राशेलमध्ये मागावरचा तसा आडवा बाणा नसतोच, उभे धागेच सुयांवर फास घेत नक्षी धरतात.

आमच्याकडे शिलाईला येणाऱ्या गुंडाळीत कधीकधी तो जोडधागा काठाला राहून गेलेला असतो. त्याला कात्री लावू नका, टोक चिमटीत धरून अलगद ओढा, सरळ निघून येतो. कात्रीने काठाची कमान तुटली तर ती लेस वायाच. आणि सुती लेस शिवण्याआधी भिजवून, वाळवून घ्याच! नाहीतर पहिल्या धुण्यात लेस आटते आणि चांगल्या शिवलेल्या घेराला चुण्या पडतात.