मदत हवी आहे: धुण्याची महाग पावडर तेवढ्या पैशांची असते का?

नमस्कार. धुण्याच्या पावडरीवरचा खर्च दर महिन्याला वाढत चालला आहे आणि त्यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आम्ही इंदुरात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. धुण्याचे मशीन समोरून दार असलेले, म्हणजे फ्रंट लोड आहे. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि टाकी लहान असल्यामुळे मधल्या दिवशी धुणे बोरिंगच्या पाण्यावरच करावे लागते. सध्या मी एका नामांकित कंपनीची मशीनसाठीची पावडर वापरते, जी मला किलोला साधारण २४० रुपयांना पडते. यजमानांचे म्हणणे असे की आतला माल सगळीकडे सारखाच असतो आणि आपण जाहिरातीचे पैसे भरतो. सियागंजाच्या बाजारात ६५ रुपये किलोने मिळणारी पावडर त्यांनी आणूनही ठेवली आहे. सासूबाईंचा दोन्हींवर विश्वास नाही. त्यांच्या मते वडी, ब्रश आणि शेवटी नीळ एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पांढरे कपडे पांढरे राहिले.

बोरिंगच्या पाण्यात स्वस्त पावडर वापरली की टॉवेल कडक होतात आणि सासऱ्यांच्या धोतरांवर करडी झाक येते, हे मी पाहिले आहे. रोजच्या रंगीत कपड्यांत मात्र मला काही फरक दिसत नाही. तेव्हा जास्तीचे पैसे नेमके कशासाठी जातात, आणि ते सगळ्याच कपड्यांवर खर्च करायला हवेत का, हे कोणी समजावून सांगेल का? ‘आम्ही अमुक वापरतो, छान आहे’ एवढ्या उत्तराने घरातला वाद मिटणार नाही, म्हणून कारणासह लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद (बडोद्याहून)

ताई, आपल्या यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मळ सुटा करणारे मुख्य द्रव्य बहुतेक पावडरींमध्ये एकाच कुळातले असते. त्याचा कच्चा माल लिनिअर अल्किल बेंझिन हा मोजक्या मोठ्या कारखान्यांतच तयार होतो, आमच्याकडे आय.पी.सी.एल. या पेट्रोकेमिकल कारखान्यात तो बनत असे. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा विकायला काढली, तेव्हा तिची किंमत सर्फच्या एका अंशाएवढी होती आणि तरीही ती घरोघरी पोचली, इतकी की पुढे हिंदुस्तान लिव्हरला तिच्या तोडीला व्हील आणावी लागली. तेव्हा नाव मोठे म्हणून धुणे चांगले, असा नियम नाही.

फरक पडतो तो मुख्य द्रव्याच्या प्रमाणात आणि त्याच्या सोबत्यांत. अगदी स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा आणि सोडियम सल्फेट किंवा मीठ यांचाच भरणा मोठा असतो. त्यातले सल्फेट आणि मीठ मळ काढत नाहीत, वजन मात्र भरतात. सोडा उपयोगी आहे. पण बोरिंगच्या पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला की खडूसारखा साका तयार होतो आणि तो धाग्यांत बसतो. आपले टॉवेल कडक होतात आणि धोतरे करडी दिसतात, त्याचे मोठे कारण हेच असावे. चांगल्या पावडरीत कॅल्शियम धरून ठेवणारे झिओलाइटसारखे पदार्थ आणि सुटलेला मळ पुन्हा कपड्यावर बसू न देणारे द्रव्य घातलेले असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे कॅल्शियमसारख्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आपल्या बोरिंगचा आकडा एकदा तपासून घ्या. तो ६०० च्या आसपास निघाला, तर त्या पाण्यात स्वस्त पावडर वापरून वाचवलेले पैसे कपडे लवकर जुने होण्यात जातील.

दुसरी गोष्ट एन्झाइमची, म्हणजे डाग तोडणाऱ्या जैविक द्रव्यांची. प्रोटिएज रक्त, दूध, अंडे यांचे डाग तोडते, अमायलेज पिठाचे आणि लायपेज तेलाचे. पण त्यांना वेळ लागतो आणि कोमट पाणी मानवते. कपडे भिजत न घालता थंड पाण्यात पंधरा मिनिटांचा झटपट धुलाईचा पर्याय लावणाऱ्याने एन्झाइमचे पैसे भरण्यात फारसा अर्थ नाही. पाकिटावरचा ‘झळाळता पांढरेपणा’ मात्र बहुधा मळ निघाल्यामुळे नसतो. त्यासाठी पावडरीत चमक आणणारी द्रव्ये घातलेली असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून कापड अधिक पांढरे भासते. आपल्या सासूबाईंची नीळ वेगळ्या रीतीने तेच काम करते, आणि तेही फार थोड्या पैशांत.

किंमत किलोवर नव्हे, एका धुण्यावर काढावी. समजा महाग पावडर एका वेळी ६० ग्रॅम लागली, तर १४ रुपये ४० पैसे होतात. स्वस्त पावडर त्याच कपड्यांना १२० ग्रॅम लागली, तर ७ रुपये ८० पैसे. चौपट वाटणारा फरक दुपटीच्याही आत येतो. अर्थात स्वस्त पावडर तेवढ्याच मापात पुरत असेल, तर यजमान जिंकले.

प्रतिसाद (इंदूरहून)

वरचे सगळे मान्य आहे, फक्त एक भर घालतो. आपल्याकडे मुलांच्या गणवेशावर सर्वांत जास्त डाग पोह्यांचे आणि त्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याचे, म्हणजे हळदीचे असतात, आणि त्यांवर कोणत्याही कंपनीचे एन्झाइम चालत नाही. सोड्यामुळे हळद उलट लाल होते आणि गृहिणी घाबरते. कपडा नेहमीसारखा धुऊन कडक उन्हात वाळवावा; हळदीचा रंग उन्हाने उडतो. त्यासाठी महाग पावडर आणणे व्यर्थ आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. यजमानांना हिशेब वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी फक्त शेवटचे वाक्य दोनदा वाचले. नर्मदेचे पाणी येते त्या दिवशी रोजचे रंगीत कपडे स्वस्त पावडरीने धुवावेत आणि पांढरे कपडे, गणवेश व टॉवेल यांच्यासाठी महाग पावडर राखून ठेवावी, असा विचार आहे. पण सियागंजची पावडर आमच्या मशीनमध्ये चालेल का? आणि माझ्या महेश्वरी साड्यांना यातली कोणती वापरावी?

प्रतिसाद (बडोद्याहून)

बादलीसाठी केलेली पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका. तिला फेस फार येतो, त्या फेसात कपडे एकमेकांवर नीट आपटत नाहीत आणि खळबळूनही साबण पूर्ण निघत नाही. मशीनच्या पावडरीत फेस आवरणारे द्रव्य असते, आणि किमतीतला काही भाग त्याचाच असतो. स्वस्त पावडर वापरायचीच असेल, तर बादलीत हाताने धुवावे, किंवा फ्रंट लोडसाठी असे पाकिटावर स्पष्ट लिहिलेली एखादी मधल्या किमतीची पावडर शोधावी. तशा आता बऱ्याच मिळतात.

महेश्वरीत रेशीम असेल, तर दोन्ही पावडरी दूर ठेवा. रेशीम हे स्वतःच प्रथिन असल्यामुळे प्रोटिएज त्यालाही खाते आणि सोड्यानेही त्याची चमक जाते. रिठ्याचे पाणी किंवा रेशमासाठी मिळणारे सौम्य द्रव घ्या, साडी भिजत ठेवू नका आणि सावलीत वाळवा. निव्वळ सुती महेश्वरी असेल, तर ती पहिल्यांदा वेगळी धुऊन रंग जातो का, तेवढे पाहून घ्या.