वेगळा म्युझिक प्लेअर वापरता का? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

भाचीला गाण्यांसाठी छोटा प्लेअर घेऊन द्यायचाय. फोन असताना आणखी एक यंत्र कशाला, असं घरात सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. पण पैसे घालण्याआधी वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय. सुरुवात मीच करते.

माझा प्लेअर ओढणीला अडकवून मी पहाटे कंबर तलावाकडे फिरायला जाते. अंधारात न बघता बटणं सापडतात. गाण्याच्या मध्येच कुणाचा फोन नाही की मेसेज नाही, आणि याच कारणासाठी मी तो सोडत नाही. आकाशवाणी सोलापूरही लागतं, मात्र वायरचे इअरफोन लावावेच लागतात, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते.

खटकतं ते वेगळंच. फाइलचं नाव मराठीत असलं की पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. अभंग आहे की लावणी, वाजल्यावर कळतं. आपल्याकडे विकायच्या वस्तूला देवनागरी वाचता येऊ नये, याचा मला खरंच राग येतो. दुकानातच मराठी नावाची एखादी फाइल टाकून बघा, मगच पैसे द्या.

अक्कलकोट रोडवरून, यंत्रमाग कामगार

ताई, आमच्या कारखान्यात फोन बाहेर ठेवावा लागतो, म्हणून मी प्लेअर घेतला. रोज तासभर ऐकलं तर आठवडाभर चार्जर लागत नाही. स्वस्तातला आहे, पण दणकट.

पण मागावर उभं असताना कानात काही घालू नका, हे कळकळीनं सांगतो. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तुकडा, अडकला, कुठं काही बिघडलं की डोळ्याआधी कानाला कळतं. दुसरं म्हणजे, खडखडाटात गाणं ऐकू यावं म्हणून माणूस आवाज वाढवतच जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितलीय, मुलांसाठी ७५ डेसिबलला तेवढेच तास. मागाचा आवाजच त्याच्या वर जातो, त्यावर गाण्याचा आणखी चढवायचा? आमच्यातल्या जुन्या कामगारांशी ओरडून बोलावं लागतं. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर लिंबाखाली बसून ऐकतो. भाचीला आवाजावर मर्यादा घालता येते असाच प्लेअर घ्या.

कुंभारीहून

आई विड्या वळते. दोन्ही हात गुंतलेले, मांडीवर सूप, त्यामुळे टचस्क्रीन तिच्या कामाचीच नाही. तिला मोठ्या बटणांचा, स्पीकरवाला, पेनड्राइव्ह लागणारा डबा आणून दिला. तेलुगू गाणी, मराठी भक्तिगीतं, सगळं त्यात. सारेगामानं २०१७ मध्ये आणलेला ५,००० गाण्यांचा ‘कारवां’ही बघितला होता, पण तिला हवी ती तेलुगू गाणी आपली आपण भरायची होती.

त्रास दोन. वीज गेली किंवा बंद केला की पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरू होतो. त्यामुळे यादीतली शेवटची गाणी तिच्या वाट्याला येतच नव्हती. आणि क्रम नावाप्रमाणे लागत नाही, ज्या क्रमानं फाइल कॉपी झाली त्याच क्रमानं वाजतात. आता मी दर महिन्याला पेनड्राइव्ह पुसते आणि मागची गाणी पुढं घेऊन एकेक करून भरते. वेळ जातो, पण आई खूश असते.

विजापूर रोड, विद्यार्थी

माझा अनुभव उलटा आहे. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना गाणी फोनमध्येच डाउनलोड करून ठेवतो. वेगळ्या प्लेअरची गरज पडली नाही.

होटगी रोडवरून

दादा, ख्याल ऐकणाऱ्याला गरज पडते. मैफलीचं रेकॉर्डिंग तुकड्यांत असतं. विलंबित म्हणजे संथ भाग संपून द्रुत म्हणजे जलद भाग सुरू होताना स्वस्त प्लेअर क्षणभर गप्प होतो आणि तबल्याची लय तुटते. एवढ्यासाठी मी महागडा घेतला. तो दोन तुकडे सलग जोडून वाजवतो, तानपुरा खंडत नाही. फ्लॅक फाइल वापरते, तिच्यात आवाजाचा दर्जा कमी होत नाही. पाच मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साधारण १२ एमबी होतं, फ्लॅकमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे मोठं मेमरी कार्ड आलं. फिरताना, गर्दीत दोन्हींच्या आवाजातला फरक मला तरी ऐकू येत नाही. रात्री घरात शांतता असताना मात्र येतो. भाचीला एमपी३ पुरेल.

नवी पेठ, दुरुस्तीचं काम करतो

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्लेअरचं दुखणं बॅटरीचं असतं. आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवला की बॅटरी फुगते. पूर्ण उतरलेला प्लेअर महिनोन्महिने कपाटात पडला तरी ती मरते. ठेवायचाच असेल तर निम्मा चार्ज करून ठेवा. आतली बॅटरी डकवलेली असते, जुन्या मॉडेलची मिळतही नाही. आयपॉडच घ्या ना, २००१ मध्ये आला, २०२२ मध्ये कंपनीनं बंद केला. लोक अजून हौसेनं आणतात, पण बॅटरी शोधताना दमछाक होते.

ताई, कार्डाचंही बघा. कार्डावर फाइल मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट पद्धतीत येतं, जुने प्लेअर फक्त फॅट३२ वाचतात. गिऱ्हाईक म्हणतं प्लेअर बिघडला, आणि कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं की बऱ्याचदा तोच प्लेअर चालतो. फॉरमॅट केल्यावर कार्डावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून गाणी आधी दुसरीकडे उतरवून घ्या.