शाळेत जंताची गोळी देऊनही पोरांचं पोट बिघडतंच, असं का?

वस्तीसेविका (सोलापूर)
पूर्व भागातली विडी आणि यंत्रमाग कामगारांची घरं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, ते पिंपात साठवायचं. १० फेब्रुवारीची गोळी पोरांनी घेतली, तरी महिनाभर तेलकट, भयंकर वासाची पातळ शी आणि पोटात गॅस. रक्त नाही, ताप नाही, वजन मात्र वाढेना. गोळी वाया जाते का?

लॅबवाला
वाया जात नाही, पण ती जंतांची गोळी आहे आणि हे लक्षण जिआर्डियाचं दिसतंय. तो एकपेशीय जीव. शाळेतली गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, ४०० मिग्रॅ एकदा घेऊन गोल जंत पडतात. जिआर्डियाला तीच गोळी रोज एक, पाच दिवस लागते. बहुतेक डॉक्टर टिनिडाझोल देतात: मोठ्यांना २ ग्रॅम एकदाच, मुलांना किलोमागे ५० मिग्रॅ, जास्तीत जास्त २ ग्रॅम. गरोदर बाई आणि तीन वर्षांखालचं मूल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

आधी तपासणी. पुटी, म्हणजे शीतून बाहेर पडणारं जिआर्डियाचं कवचातलं रूप, रोज पडत नाहीत, म्हणून दहा दिवसांत एक दिवस सोडून एक असे तीन नमुने द्या. पातळ शी अर्ध्या तासात काचेवर गेली पाहिजे, नाहीतर हलणारा जीव मरतो आणि ओळखू येत नाही. अँटिबायोटिक सुरू करून मग नमुना आणणं हा नेहमीचा घोळ.

पाणीवाला
पिंपात क्लोरीन टाकून अर्ध्या तासात प्यायलं तर जुलाबाचे बरेच जिवाणू मरतात, जिआर्डियाची पुटी तग धरते. स्वच्छ पाण्यात, २५ अंशाला, लिटरमागे १ मिग्रॅ क्लोरीन उरत असेल तरी पाऊण तास लागतो. अर्धा मिग्रॅ असेल तर दीड तासाच्या आसपास. गढूळ पाण्यात हा हिशेबच कोलमडतो. पिण्यापुरतं खळखळून एक मिनिट उकळा, झाकून ठेवा, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढा. पिंपात हात बुडवला की सगळं मुसळ केरात.

हिशेबनीस
खर्च टिनिडाझोलचा नाहीच. तपासणी न करता चार वेळा बदललेली औषधं, सलाईन, आणि आईचे बुडालेले दिवस. विडीची मजुरी हजारामागे असते. पोर कडेवर असेल तर हजार भरत नाहीत. यंत्रमागावरही खाडा म्हणजे पगार कट. एकाला उपचार दिला आणि घरातल्या बाकीच्यांनाही जुलाब असताना तपासलं नाही, तर तोच खर्च पुन्हा.

वस्तीसेविका (सोलापूर)
उपचारानंतरही दूध प्यायलं की पोट फुगतं, मग परत कोर्स?

लॅबवाला
लगेच नको. आतड्याचं अस्तर सावरेपर्यंत काही आठवडे दूध पचत नाही. दूध थांबवून बघा, दही-ताक बहुतेकांना चालतं. तरी जुलाब राहिले तर पुन्हा नमुना.