अ‍ॅडेनॉइड वाढलेत, ऑपरेशन सुचवलंय. थांबू की करून टाकू?

खिडकीपाशी:
नमस्कार. मुलगा साडेपाच वर्षांचा, सीनियर केजीत. आम्ही नाशिकला असतो. गेलं दीड वर्ष त्याची सर्दी हटतच नाही. आठ दिवस बरे गेले की पुन्हा नाक चोंदतं, पिवळा-हिरवा शेंबूड, रात्रभर खोकला. जूनपासून चार वेळा अँटिबायोटिक झालंय. मोठ्या माणसासारखा घोरतो. मान मागे टाकून, आ वासून झोपतो, सकाळी उशीवर तळहाताएवढा ओला डाग असतो. दोन महिन्यांपासून गादीही ओली करायला लागलाय. ते सुटून दोन वर्षं झाली होती.

ईएनटींनी मानेचा बाजूने एक्स-रे काढला आणि अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वर असलेल्या मऊ गाठी) बरेच वाढलेत, काढून टाका म्हणाले. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोराला भूल द्यायची नाही, त्याच्या बाबालाही होतं, वयाबरोबर गेलं. मला काहीच ठरवता येत नाहीये. स्प्रेने कुणाला फरक पडलाय का? ऑपरेशननंतरचे दिवस कसे गेले? आणि सायनसचा त्रास याच्यासोबत जातो का?

जुईचा_वेल:
आमच्या मुलीला स्प्रेने फरक पडला, ऑपरेशन टळलं. मोमेटासोनचा (नाकातली सूज कमी करणारं औषध) स्प्रे, रोज रात्री, सलग तीन महिने. आधी सलाइनचे थेंब टाकून नाक साफ करायचं, दहा मिनिटांनी स्प्रे. पहिला महिना आम्ही चुकीचाच मारत होतो. डोकं मागे करायचं नाही, किंचित खाली झुकवायचं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारलं तर नाकातून रक्त येतं, आमच्याकडे आलं होतं. चार दिवसांत फरक दिसत नाही म्हणून सोडू नका. पण हेही सांगते, ती घोरायची तरी तिचा श्वास कधी अडकत नव्हता.

आणि घरातली मच्छर कॉइल, धूप, अगरबत्ती बंद करा. उशीचे अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात. भिंतीला ओल असेल तर त्याचा पलंग तिथून हलवा.

मध्यरात्र:
ताई, एक्स-रे बाजूला ठेवा. आज रात्री तो गाढ झोपला की छाती आणि तोंड दिसेल असा पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. घोरता घोरता एकदम शांत होतो का, त्या वेळी छाती-पोट हलतंय पण हवा जात नाहीये असं दिसतं का, मग दचकून, गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतो का? आमच्या मुलाचं हेच होतं आणि मी ते दोन वर्षं 'दमलाय म्हणून घोरतोय' म्हणत काढली. पहाटे तीनला त्याच्या शेजारी बसून मोजलं तेव्हा एकदा दहापर्यंत आकडे झाले तरी श्वास आला नव्हता. तो आकडा मी विसरू शकत नाही. तुमच्या मुलाचं पुन्हा गादी ओली करणं, मान मागे टाकणं याच चित्रातलं वाटतं मला. ईएनटींना व्हिडिओ दाखवा. 'वयाबरोबर जाईल' हे खरं आहे, सात-आठनंतर अ‍ॅडेनॉइड आक्रसू लागतात. पण तोवरची वर्षं वाढीची असतात. झोप तुटकी, दिवसा चिडचिड, शाळेत लक्ष नाही. शिवाय सतत तोंडाने श्वास घेऊन टाळू उंच होते, वरचे दात पुढे येतात. ते वय वाढलं म्हणून मागे जात नाही.

आमचं ऑपरेशन पाचव्या वर्षी झालं. तोंडातूनच करतात, बाहेर कुठे टाका नाही. सकाळी सहा तास उपाशी, संध्याकाळी घरी. नंतर साधारण आठवडाभर तोंडाला घाण वास येतो, आवाज नाकातून येतो, घाबरू नका. पण ताजं लाल रक्त दिसलं तर फोनवर विचारत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. दुसऱ्या रात्री तो तोंड मिटून झोपला होता. मला भीती वाटली म्हणून मी नाकापाशी बोट धरून पाहिलं.

भुलेबद्दल: भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधी भेटा, लहान मुलांना नेहमी भूल देतात का ते सरळ विचारा. सासूबाईंनाही सोबत न्या. माझ्या आई तिथेच शांत झाल्या.

पाऊलवाट:
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करते. निर्णय काहीही घ्या, त्याआधी मुलाचे कान तपासा. अ‍ॅडेनॉइड वाढले की नाकामागून कानाकडे जाणारी नळी दबते आणि कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचतं. कान दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे घरात कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवतो, मागून हाक मारली तर वळत नाही, 'काय?' 'काय?' करतो, एवढंच. टिंपॅनोमेट्री दोन मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे. पाणी तीन महिन्यांहून जास्त टिकलं आणि ऐकू कमी येत असेल तर त्याच भुलेत ग्रोमेटही (कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी) बसवतात.

आणखी एक, ऑपरेशनआधी टाळू नीट पाहायला सांगा. पडजीभ दुभंगलेली असेल तर सर्जनला ते माहीत हवंच, नाहीतर नंतर बोलताना हवा नाकातून निसटते.

सायनसचं म्हणाल तर या वयात शेंबूड साचायचं मोठं कारण मागचा हा अडसरच असतो. कपाळाचे सायनस तर सहा-सातव्या वर्षापर्यंत नीट तयारही झालेले नसतात. अडसर गेला की बऱ्याच मुलांचा त्रास उतरतो, पण ॲलर्जी असेल तर स्प्रे पुढेही लागतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर मात्र आत मणी, खोडरबर काही अडकलंय का ते आधी पाहा.

जुईचा_वेल:
एक राहिलं. मॉन्टेलुकास्टची (ॲलर्जीवरची) चघळायची गोळी दिली असेल तर वागण्याकडे लक्ष ठेवा. आमच्या मुलीला वाईट स्वप्नं पडायची, रडत उठायची. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लगेच बंद केली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा टाकलाय. आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ नको. भांडं कलंडून भाजलेली मुलं पाहिली आहेत मी.

मध्यरात्र:
मेडिक्लेम असेल तर आजच पॉलिसी वाचा. टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड, सायनसच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींत पॉलिसी घेतल्यापासून दोन वर्षं थांबायची अट असते. नसेल तर महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला हे बसतं का विचारा.

खिडकीपाशी:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. व्हिडिओ काढला. सहा मिनिटांत चार वेळा श्वास अडकला. मी तो सासूबाईंना दाखवला, काही बोलले नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला आणि दुसऱ्यांदा पाहून म्हणाल्या, तारीख घे.

टिंपॅनोमेट्रीत दोन्ही कानांचा आलेख सपाट आला, म्हणजे दोन्हीकडे पाणी. ऐकण्याच्या तपासणीतही दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय असं निघालं. 'हाक मारली की ऐकत नाही' म्हणून मी त्याला किती ओरडलेय. रोज. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. त्या रात्री त्याच्याशी समोर बसून, तोंड दिसेल असं बोलले तर प्रत्येक गोष्टीचं उत्तर दिलं त्याने.

पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे, दोन्ही कानांत ग्रोमेटसह. पाऊलवाट, टाळू पाहिली, व्यवस्थित आहे. ग्रोमेट असताना अंघोळीला कानात काय घालायचं, आणि पोहायला कधी पाठवायचं, एवढं सांगाल का?

पाऊलवाट:
अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा बाहेरच्या बाजूने, साबणाचं पाणी आत जाऊ नये एवढ्यासाठी. पोहणं सर्जनना विचारूनच, नदी-तळ्यात डुबकी नको. कानातून पाणी किंवा पू आला तर लगेच दाखवा. शाळेत बाईंना सांगून त्याला पहिल्या बाकावर बसवा, गुरुवारची वाट न पाहता उद्यापासूनच.