मदत हवी आहे: छाटणीच्या काड्या बोदात गाडल्या आणि वेली पिवळ्या पडल्या

नाशिक जिल्ह्यात कसबे सुकेण्याजवळ आमची दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे. खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातल्या मोठ्या छाटणीच्या) काड्या दरवर्षी बांधावर जाळायचो. यंदा मी हट्टाने बारीक तुकडे म्हणजे कुट्टी करून बोदात (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यात) गाडली आणि वर माती ओढली. आज छाटणीनंतरचा बत्तिसावा दिवस. फुटी चांगल्या निघाल्या, पण बुडाकडची पानं पिवळी, शेंडा हिरवा. दुकानदाराने लोह कमी आहे म्हणून चिलेटेड फेरस दिलं. दोन फवारण्या झाल्या, फरक शून्य. अण्णा रोज ऐकवतात, "जाळली असती तर राख तरी मिळाली असती." जमिनीतून घेतलेलं जमिनीत परत जातं म्हणतात ना? मग माझं गेलं कुठे?

प्रतिसाद १
लोह कमी पडलं की आधी कोवळी पानं पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात. तुमचं उलटं आहे. वेल जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतेय. काडी न गाडलेली एखादी ओळ आहे का? आणि बोद जरा उकरून बघा.

धागाकर्ता
दोन ओळी आहेत, मशीनचं पातं तुटलं म्हणून राहिलेल्या. त्या हिरव्यागार! आधी कसं दिसलं नाही कोण जाणे. बोदात काडीच्या तुकड्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी आहे.

प्रतिसाद १
चोर सापडला की! अर्थात चोर म्हणणं बरं नाही, तीच पुढे तुमचं खत करणार आहे. काडीत कार्बन भरपूर, नत्र अगदी थोडं. बुरशी-जिवाणूंना मात्र अंग वाढवायला आठ-दहा भाग कार्बनामागे एक भाग नत्र लागतं. काडीत पुरेसं मिळालं नाही की ते मातीतलं उचलतात, वेलीच्या आधी. कार्बन-नत्राचं प्रमाण साधारण २५ ला १ च्या आत असलेला ताग किंवा हिरवा पाला लवकर नत्र सोडतो, लाकूड आधी मागून घेतं. बुरशी मरेल, तिला दुसरे जीव खातील, तेव्हा ते नत्र सुटेल. बुडालेलं नाही, उसनं गेलंय.

पालाशाचं (पोटॅशचं) तसं नाही. तो पेशीरसात विरघळलेलाच असतो, पाण्याबरोबर लवकर निघतो. अण्णांच्या राखेतही पालाश आणि स्फुरद उरलं असतं, पण नत्राचा बहुतेक भाग धुरात गेला असता.

प्रतिसाद २
युरियात ४६ टक्के नत्र असतं, थोडा थोडा ड्रिपमधून सोडा. चुनखडीच्या जमिनीवर उन्हात फेकलात तर अमोनिया होऊन उडेल. पण घाईघाईने जास्त ओतू नका! छाटणीच्या चाळिसाव्या दिवसानंतर काडीत सूक्ष्म घड तयार होतात, तेव्हा नत्र जास्त झालं की वेल नुसती माजते. शिवाय जास्तीचं नायट्रेट पहिल्या मोठ्या पावसात खाली उतरतं. त्यातलं काही ओढ्याने गोदावरीत जातं, आणि नांदूरमध्यमेश्वरच्या धरणात पाणवेली फोफावली की आपणच नावं ठेवतो.

धागाकर्ता
आजपासून थोडा युरिया सुरू केला. त्या दोन ओळींना देत नाही, तुलनेला ठेवतो. पुढच्या वर्षी कुट्टीत शेणखत कालवून बांधावर कुजवायची आणि मगच बोदात टाकायची, असं ठरतंय. अण्णांना उसनवारीचं सांगितलं. ते म्हणाले, "व्याज किती?"

कुजायला साधारण किती महिने धरू?