पोहणारे प्राणी की-फ्रेमने (हाताने मुख्य पोझ ठरवून) हलवणं आता बंद करावं का?

रात्रपाळी_गोरेगाव
समुद्राखालच्या एका अ‍ॅनिमेशन मालिकेवर काम करतोय. सुरमईच्या अख्ख्या अंगाला एकसारखी साइन वेव्ह (नागमोडी लाट) लावायची आणि तिला पुढे सरकवायचं, एवढंच चाललंय. बघवत नाही. पोहणं सिम्युलेशनमधून, म्हणजे पाण्याच्या गणितातूनच यायला हवं. १९९४ साली टोरांटोत शियाओयुआन तू आणि दिमित्री तेर्झोपुलोस यांनी २३ बिंदू, ९१ स्प्रिंगा आणि १२ स्नायूंचा मासा संगणकात केला होता. स्नायू आखडतात, शेपूट पाणी मागे लोटते, मासा पुढे जातो. आपण अजून की-फ्रेमच ठोकतोय!

कीफ्रेमवाला
अजिबात पटलं नाही. मासा दचकला की अंग आधी धनुष्यासारखं वाकतं, मग सुटतं. सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशेबात ते वाकणं एक-दोन फ्रेमचं. दिग्दर्शकाला ते नेमक्या जागी हवं असतं. स्नायूंना कसं सांगणार?
आणि दोष साइन वेव्हचा नाहीच. डोकं जेमतेम हललं पाहिजे, लाट शेपटीकडे जाताना वाढली पाहिजे. शिवाय मासा जितक्या वेगाने पुढे जातो त्याहून जास्त वेगाने लाट अंगावरून मागे गेली पाहिजे. दोन्ही वेग सारखे ठेवलेत, तर मासा वाकड्यातिकड्या रुळांवरून चालल्यासारखा दिसतो. तुमच्या शॉटमध्ये तेच होत असणार.

वेसावकर
आमचं घर मासेमारीचं, म्हणून बोलते. वाम अख्ख्या अंगाने वळवळते, सुरमईचा जोर शेपटीकडे, पाकट तर पंखांच्या कडा लाटेसारख्या हलवते. सगळ्यांना एकच रिग (हलवायचा आतला सांगाडा) लावणाऱ्यांनी आधी जिवंत मासा बघावा. परवा एका जाहिरातीत डॉल्फिनची शेपूट डावी-उजवी हलताना दिसली. अहो, तो सस्तन प्राणी, त्याची शेपूट वर-खाली चालते! सिम्युलेशन असो की हात, चूक नजरेची आहे.

रात्रपाळी_गोरेगाव
वेगाचा मुद्दा मान्य, तपासलं. स्ट्रूहाल आकडाही काढला: सेकंदाचे फटके गुणिले शेपटीच्या झोक्याची रुंदी, भागिले वेग. चांगल्या पोहणाऱ्यांत तो साधारण ०.२ ते ०.४ येतो. आमची सुरमई सेकंदाला १ मीटर जाते, झोका २० सेंटीमीटर, म्हणजे फटके १ ते २ हवेत. आम्ही ५ ठेवलेत! पण प्रवाहात वळणारा चाळीस माशांचा थवा हाताने कोण करणार? तिथे मी सिम्युलेशनच मागणार.

कीफ्रेमवाला
थव्याला खुशाल लावा. पण जवळून दिसणारी ती एक सुरमई माझ्याकडे द्या.