मदत हवी आहे: खारी मूगडाळ घरी खुसखुशीत कशी तळायची? (मीठ कमी, खाणाऱ्यांना कवळी)

बाबांना संध्याकाळच्या चहाबरोबर मूठभर खारी डाळ लागते. आयुष्यभराची सवय आहे. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय आणि विकतच्या डाळीतलं मीठ काही आपल्या हातात नसतं. भाजलेले मुरमुरे, मखाणे सगळं देऊन झालं, वाटी तशीच परत येते. म्हणून डाळ घरीच तळायची असं ठरवलंय, पण एका ठिकाणी घोडं अडलंय.

मी काय करते ते सांगते. सालं काढलेली पिवळी मूगडाळ ४ तास भिजवते, रोवळीत निथळते, पंच्यावर पसरून पंख्याखाली ठेवते आणि शेंगदाण्याच्या तेलात तळते. रंग सुरेख येतो, चवही छान. पण एकाच घाण्यात दोन तऱ्हा निघतात. बरेचसे दाणे फुलून हलके होतात आणि मधूनच काही इतके टणक राहतात की चांगल्या दातांनाही फुटत नाहीत. असा एक दाणा लागला की बाबा वाटी बाजूला सारतात, कवळी तुटेल अशी त्यांना धास्ती वाटते. निवडून काढावं म्हटलं तर दिसायला सगळे सारखेच. शिवाय एखाद्या वेळी पहिल्या दिवशी झकास झालेली डाळ दुसऱ्या दिवशी सादळते.

तर जाणकारांना विचारायचंय: भिजवणं-वाळवणं नेमकं किती? सोडा घालावा का? (सोड्यातही सोडियम असतंच ना?) मीठ कधी लावायचं म्हणजे कमी घालूनही चव लागेल? घरात एअर फ्रायर आहे, त्यात होईल का?

प्रतिसाद १

दोन-तीन गोष्टी आधी सांगा. डाळ केव्हाची आहे? पाणी कुठलं वापरता? आणि पंख्याखाली किती वेळ ठेवता?

धागाकर्ती

डाळ वर्षाच्या साठवणीतली आहे, उन्हाळ्यात भरून ठेवलेली. पाणी बोअरचं. प्यायला आरओ आहे, पण स्वयंपाकाला बोअरचंच वापरतो. पंख्याखाली ठेवायची वेळ काही ठरलेली नाही. कधी अर्धा तास, कधी इतर कामं निघाली की दोन तासही होतात.

प्रतिसाद २

मी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, खारी डाळ त्यात दरवर्षी असते. तुमचं सगळं त्या पंच्यावर अडलंय असं माझं मत आहे.

तळताना डाळ फुलते ती आतल्या पाण्यामुळे. तेल १८० अंशांच्या आसपास असतं. दाणा त्यात पडला की आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, ती बाहेर पडताना दाणा आतून सच्छिद्र करून जाते. तो सच्छिद्रपणा म्हणजेच खुसखुशीतपणा. दाणा पंख्याखाली पूर्ण वाळला की तो परत कोरड्या डाळीसारखा होतो. त्यात वाफ व्हायला पाणीच नाही, मग तो फुलणार कुठून? नुसता लाल होतो आणि टणक राहतो. पंख्याखाली पसरलेल्या डाळीत कडेचे आणि वरचे दाणे आधी वाळतात, मधले ओले राहतात. एकाच घाण्यात दोन तऱ्हा निघतात त्या यामुळे.

म्हणून पंखा बंद. भिजलेली डाळ रोवळीत १० मिनिटं निथळू द्या. मग जाडसर सुती पंच्यावर एकेरी पसरा, वरून दुसरा पंचा टाकून हलक्या हाताने टिपून घ्या आणि १५-२० मिनिटं तशीच राहू द्या. मधे एकदा हात फिरवून खालची डाळ वर करा. झाली की नाही हे घड्याळावर ठरवू नका. थोडे दाणे तळहातावर घ्या आणि मूठ मिटून उघडा. दाणे सुटे घरंगळले पाहिजेत, तळवा ओला होता कामा नये. मग एक दाणा नखाने दाबा. तो सहज तुटला पाहिजे आणि आत ओलसर दिसला पाहिजे. नख रुतत नसेल तर डाळ जास्त वाळली. तशी झालीच तर पाण्याचा हबका मारून झाकून ठेवा, थोड्या वेळाने परत टिपा.

आता तळणीबद्दल. डाळ कढईत सुटी टाकू नका, झाऱ्याने सगळी गोळा करेपर्यंत निम्मी जास्त तळली जाते. स्टीलची, बारीक जाळीची, लांब दांड्याची गाळणी घ्या. तिची जाळी आधी गरम तेलात बुडवून तापवा आणि मग तिच्यात मूठभरच डाळ टाका. जास्त टाकलीत तर तेल एकदम थंड होतं, वाफ जोरात न निघता हळूहळू झिरपते, डाळ तेल पिते आणि कडक होते. कढई निम्म्याहून जास्त भरू नका. ओल्या डाळीने फेस भसकन वर येतो आणि तेल उतू जाऊन गॅसवर पडलं तर भडका उडतो. लहान मुलं आसपास असतील तर हे काम ती झोपल्यावरच.

पुढचं कानाने ओळखायचं. आधी तडतड जोरात असते, फेस पांढरा आणि दाट. मग आवाज बारीक होत जातो, बुडबुडे विरळ होतात आणि गाळणी हलवली की डाळ जाळीवर कोरडी खुळखुळते. तिथेच उचला, पिवळी असतानाच. काढल्यावरही रंग थोडा चढतोच. लाल होईपर्यंत थांबलात तर कडवट लागते.

दुसऱ्या दिवशी सादळते ती दोन कारणांनी. एक तर तडतड थांबायच्या आत काढलेली असते, आतला ओलावा रात्रभरात बाहेरच्या कवचात येतो. नाहीतर कोमट असतानाच डबा बंद केलेला असतो. टिपकागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. पण डाळ आणि पाणी या दोन्हीकडेही बघायला हवं, नुसतं वाळवणं सुधारून टणक दाणे पूर्ण जाणार नाहीत. मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन भिजताना आणि शिजताना सैल व्हावं लागतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. उसळीत गणंग राहतात, त्याचं हे एक मोठं कारण. साठवणीतही, विशेषतः उष्ण आणि दमट जागी, महिन्यांमागून महिने डाळीत असेच बदल होत जातात आणि ते भिजवून उलटत नाहीत. तुमच्याकडे जुनी डाळ आणि जड पाणी दोन्ही एकत्र आलंय. तळणीसाठी अर्धा किलो ताजी डाळ वेगळी आणा. जुनी वरणाला, खिचडीला कुकरमध्ये उत्तम चालेल. भिजवायला आरओचं पाणी घ्या, एका वाटीला तीन वाट्या पुरे.

सोड्याचं काम पेक्टिन सैल करण्याचंच आहे, त्यामुळे जड पाण्यात त्याचा उपयोग होतो. तुमची सोडियमची शंका रास्त आहे. पाव चमचा खाण्याच्या सोड्यात साधारण ३०० मिलिग्रॅम सोडियम असतं. भिजवलेलं पाणी ओतून डाळ दोनदा धुतली की त्यातलं बरंचसं निघून जातं, सगळं नाही. म्हणून ताजी डाळ आणि आरओ पाणी असेल तर मूगडाळीला सोडा घालूच नका, गरज पडत नाही. जास्त सोड्याने दाण्याच्या कडा विरघळतात, तेलात भुगा होतो आणि साबणासारखी चवही येते.

भिजवायला ३ ते ४ तास पुरे. रात्रभर ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. आंबूस वास येतो आणि दाणे फुटतात.

धागाकर्ती

किती नीट समजावून सांगितलंत! पंख्याखाली कडेचे दाणे आधी वाळतात हे वाचल्यावर सगळा उलगडा झाला. टणक दाणे कधी कमी, कधी जास्त का निघायचे ते आता कळलं. मिठाबद्दल आणि एअर फ्रायरबद्दल कोणी सांगेल का?

प्रतिसाद ४

एअर फ्रायरमध्ये मूगडाळ करू नका. गरम हवा दाणा आधी वाळवते आणि मग भाजते, म्हणजे तुम्हाला जे टाळायचंय नेमकं तेच होतं. बारीक दाणे जाळीतून खाली पडतात ते वेगळंच. छोले आधी मऊ शिजवून मग एअर फ्रायरला लावले तर बरे होतात, पण कवळीसाठी तेही नकोत.

प्रतिसाद ५

मिठाचं मी सांगते, आमच्याकडे सासूबाईंना हेच पथ्य आहे.

मीठ भिजवायच्या पाण्यात घालू नका, तळल्यावरच लावा. दाण्याच्या आत मुरलेलं मीठ जिभेला फारसं कळत नाही, पोटात मात्र जातं. बाहेर लावलेलं लगेच लागतं. मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करा आणि डाळ गाळणीतून काढल्या काढल्या, तेलाचा ओलावा असतानाच भुरभुरवा. गार डाळीला ते चिकटत नाही, डब्याच्या तळाशी जमतं, मग आपण आणखी घालतो.

प्रमाण: १०० ग्रॅम तळलेल्या डाळीला १ ग्रॅम मीठ, आणि हे वजनकाट्यावरच मोजा. १ ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे २५ ग्रॅमच्या मुठीत १०० मिलिग्रॅमच्या आसपास आलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण २००० मिलिग्रॅम सोडियम. पण तुमच्या बाबांची मर्यादा त्यांचे डॉक्टरच सांगतील. पहिल्यांदा अळणी वाटेल. त्यावर आमचूर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि किंचित मिरपूड लावा. आंबटपणा आला की मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. काळं मीठ आणि तयार चाट मसाला टाळा, त्यात सोडियम असतंच.

एक महत्त्वाचं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते बाधू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद ६

तेलाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. डाळ तळल्यावर तेलात बारीक चुरा उरतो, तो पुढच्या तळणीत जळतो आणि तेल लवकर काळं पडतं. गार झाल्यावर कापडातून गाळा आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल परत परत तापवलं की त्यात वाढत जाणारे घटक) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, १ जुलै २०१८ पासून ती लागू आहे. घरी हे मोजता येत नाही, पण तेल दाट झालं, फेसाळायला लागलं किंवा तापवताना लवकर धुरायला लागलं तर ते टाकायचं. वयस्कर माणसासाठी करताना तर काटकसर नकोच. कढई लहान घ्या, म्हणजे तेल थोडंच लागतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी डाळ आणली, आरओच्या पाण्यात साडेतीन तास भिजवली, सोडा नाही, पंखा नाही. मूठ मिटून बघायची खूण तर फारच उपयोगी पडली, आणि खुळखुळ आवाज आला की काढायचं हेही. आख्खा घाणा मी आधी स्वतः खाऊन पाहिला, टणक दाणा एकही लागला नाही. मीठ वजन करून लावलं, वर आमचूर आणि जिरेपूड. बाबांनी वाटी संपवली आणि अजून मागितली. (दिली नाही, पण बरं वाटलं!) चौथ्या दिवशीही डाळ तशीच कुरकुरीत आहे.

आता त्यांची फर्माईश चणाडाळीची आहे. तिला हीच कृती चालेल का?

प्रतिसाद २

वा, छान झालं! चणाडाळीला वेगळं करावं लागतं. दाणा जाड असतो, म्हणून ६ ते ८ तास भिजवायची आणि तिला चिमूटभर सोडा लागतोच. तळायची दोनदा. आधी मध्यम आचेवर, तडतड मंदावेपर्यंत. मग काढून पाच मिनिटं थांबायचं आणि तेल चांगलं तापवून परत कुरकुरीत होईपर्यंत. इतकं करूनही एखादा दाणा दगा देतो, कारण आतपर्यंत भिजणं सगळ्यांचं सारखं होत नाही. दात धड असतील तर मजेत खावी, कवळीला मात्र मी देणार नाही.

त्याऐवजी मसूर करून बघा. उत्तरेकडच्या दालमोठीत (तिथलं एक फरसाण) असतो तो अख्खा मसूर, आग्र्याची दालमोठ त्यासाठीच प्रसिद्ध आहे. सालासकट मसूर आरओच्या पाण्यात ८ तास भिजवा, पंच्यावर टिपा, बाकी सगळं मूगडाळीसारखंच. साल सुटून तेलात तरंगतं, ते झाऱ्याने काढत राहा, नाहीतर जळतं. पहिला घाणा अगदी थोडा घ्या आणि तुमच्या पद्धतीप्रमाणे आधी स्वतः खाऊन बघा. टणक लागला तर उरलेला मसूर आणखी दोन तास भिजू द्या.